बहात्तर तास

आजोबांनी आपला कुत्रा शेजाऱ्याला देऊन टाकलाय, हे मला कळलं ते केवळ आमचं कॉफीचं मशीन बंद पडलं होतं म्हणून. बाहेरच्या वेटिंग रूममधल्या मशीनपाशी गेले, तर त्यांना गाडीतून घेऊन आलेला शेजारी तिथे उभा. मी म्हटलं, "अजून थोडा वेळ लागेल, तुम्ही बसून घ्या." तो म्हणाला, "बसतो. पण आज रात्री सोडलं तर बरं. कुत्रा एकटाच आहे माझ्याकडे, नवीन घरात घाबरतो. कालच आणून दिला यांनी. खाण्याच्या पिशवीसकट. आणि कुठली गोळी किती वाजता, त्याचा कागदसुद्धा."

मी कॉफी तिथेच ठेवली आणि आत आले.

कोलोरॅडोतल्या एका रुग्णालयात इमर्जन्सी विभागात मी अकरा वर्षं नर्स आहे. हा गुरुवार २०२४ च्या फेब्रुवारीतला. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत, बाकी घडलं ते असं.

आजोबा म्हणजे मनातल्या मनात मीच त्यांना म्हणत होते. वय एकाहत्तर, आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं, बायको ऑक्टोबरात गेलेली. छातीत दडपल्यासारखं होतंय म्हणून आलेले. ईसीजी ठीक, ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, दोन्ही वेळा ठीक. जीव नकोसा झालाय का, हे आम्ही आलेल्या प्रत्येकाला विचारतो. त्यांनाही विचारलं होतं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं "नाही" आलं होतं. इतक्या घाईने आलेलं "नाही" खटकायला हवं, आणि मला खटकलंही होतं. पण बाहेर बर्फ पडत होता, अपघातांचे पेशंट एकामागून एक येत होते, आणि मी रकाना भरून पुढे गेले होते. कुत्र्याचं कळलं नसतं तर दहाच्या सुमारास मी त्यांच्या हातात घरी जायचे कागद ठेवले असते. हे आजही मला बोचतं.

मी पडदा ओढला, स्टूल घेतलं आणि बसले. उभ्याने हे विचारता येत नाही.

"कुत्रा का दिलात?"

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रविवारनंतर त्याचं बघणारं कुणी नसतं ना."

पुढचं सगळं सांगत नाही. ते त्यांचं आहे. एवढंच, की दिवस ठरला होता. मग मी दुसरा प्रश्न विचारला. घरात बंदूक आहे का?

या प्रश्नावर या देशात खटले झाले आहेत. फ्लोरिडाने २०११ साली कायदा करून डॉक्टरांना तो विचारण्यावर बंधन घातलं होतं, ते फेडरल अपील कोर्टाने २०१७ मध्ये उठवलं. बंदूक म्हटलं की वादात एक बाजू शस्त्र बाळगायचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचं नाव घेते आणि दुसरी गोळीबारात मेलेल्यांची. आमच्या राज्यात ती नावं काही थोडी नाहीत: १९९९ ला कोलंबाईनची शाळा, २०१२ ला ऑरोराचं थिएटर, २०२१ ला बोल्डरचं किराणा दुकान. त्या मुलांचे चेहरे माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने जे ४८,८३० जीव गेले, त्यातले २६,३२८ स्वतःच्या हाताने गेले. निम्म्याहून जास्त. ही माणसं टीव्हीवर येत नाहीत. त्यांच्यासाठी कुणी चौकात मेणबत्त्या लावत नाही. आमच्याकडेही त्यांतली फारशी येत नाहीत, कारण औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस बहुतेक वेळा वाचतो, आणि बंदूक हातात घेतलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जण दगावतात, बरेचसे रुग्णालयापर्यंत पोचायच्या आधीच.

आजोबांचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ थकलेला माणूस बोलत होता, आता ताठ होऊन बसला.

"म्हणजे तुम्ही माझ्या बंदुका काढून घ्यायला आलात."

"नाही."

"मला सांगू नका. २०१३ साली सिनेटरला परत बोलवायच्या अर्जावर सह्या गोळा केल्यात मी. दारोदार हिंडून."

ऑरोरानंतर इथे खाजगी विक्रीलाही बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याची पूर्वीची नोंद तपासणं, सक्तीचा झाला आणि पंधरापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आली. त्या रागातून मतदारांनी त्याच वर्षी सप्टेंबरात दोन राज्य सिनेटरना मुदतीआधीच घरी बसवलं. माझ्यासमोरचा माणूस त्या लढाईतला शिपाई होता. आणि मी त्याच कायद्यांच्या बाजूने मत देणारी. त्या पडद्याआड आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो, आणि मला त्यांना काहीही पटवून द्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, "बंदुका तुमच्याच. कागद तुमचे, मालकी तुमची. मला फक्त एवढंच वाटतं, की हे दिवस सरेपर्यंत त्या तुमच्या हाताला लागू नयेत. दारू जास्त झाली तर मित्र गाडीची किल्ली काढून घेतो ना? गाडी काही त्याची होत नाही."

हे वाक्य मी प्रशिक्षणात शिकलेय. ते खरं आहे म्हणूनच लागू पडतं. जीव द्यायची ऊर्मी लाटेसारखी येते आणि ओसरते. ह्यूस्टनमध्ये मरता मरता वाचलेल्या तरुणांना विचारलं, तेव्हा चौघांत एकाने सांगितलं की ठरवणं आणि करणं यांत पाच मिनिटंही नव्हती. आणि जे एकदा वाचतात, त्यांतले बहुतेक जण पुढे त्या वाटेने जात नाहीत. म्हणजे तेवढी वेळ टळली की बहुतेकदा माणूस हाती लागतो.

आजोबा हळूहळू बोलू लागले. सात बंदुका. हरणाच्या शिकारीच्या तीन रायफली, दोन शॉटगन, वडिलांची एक जुनी रायफल. सहा तिजोरीत. सातवी, रिव्हॉल्व्हर, पलंगाशेजारच्या खणात.

"तिजोरीतल्या घेऊन जाऊ दे त्याला," ते शेजाऱ्याबद्दल म्हणाले. "खणातली राहू दे. एकटा राहतो मी. रात्री कुणी आलं तर?"

"तीच आधी जायला हवी," मी म्हटलं.

ते गप्प. मॉनिटरची टिकटिक तेवढी चालू. मग त्यांनी पँटच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. खणाची किल्ली लहान, पितळेची, डोक्याशी झिजून गुळगुळीत झालेली. संधिवाताने बोटं वाकडी झाली होती, कडीत नख शिरत नव्हतं. एकदा सटकलं, दोनदा सटकलं. माझे हात पुढे जायला बघत होते, मी ते मांडीवर दाबून धरले. ती किल्ली त्यांनीच काढायला हवी होती. चौथ्या खेपेला निघाली. माझ्या तळहातावर ठेवताना म्हणाले, "खण जरा वर उचलून ओढायला सांगा त्याला. अडकतो."

रात्री मानसोपचारतज्ज्ञ आल्या. आजोबा आपणहून दाखल व्हायला तयार झाले. नाही म्हणाले असते तर कायद्याने बहात्तर तास ठेवून घेता आलं असतं. ती वेळ आली नाही, याचं मला समाधान आहे.

मला वाटलं, सुटलं. शेजारी भला माणूस, चांगली किल्ली लावायची तिजोरी त्याच्याकडेही. आजोबांशी फोनवर बोलून तो त्याच रात्री सातही घरी घेऊन गेला. मग आमच्या सोशल वर्करने कपाळाला हात लावला. कोलोरॅडोत कुटुंबाबाहेरच्या माणसाला बॅकग्राउंड चेकशिवाय बंदूक सांभाळायला देता येते ती फक्त बहात्तर तास. त्यानंतर तो बेकायदा ताबा. म्हणजे रविवारी रात्री त्या बंदुका त्याच घरात परत. नेमक्या रविवारी.

मुलगी होती, पण दुसऱ्या राज्यात. कुटुंबाला इथला कायदा सूट देतो, पण राज्याची सीमा ओलांडून बंदूक द्यायची तर फेडरल कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदार मध्ये लागतो. दुकानात जाऊन शेजाऱ्याच्या नावे रीतसर चेक करून घेणं हाही एक मार्ग होता, पण आजोबांना ते नको होतं. "ते नावावर करणं झालं," ते म्हणाले. "मी दिलेल्या नाहीत, ठेवायला दिल्यात."

मी या कायद्याची समर्थक आहे. ओळखपाळख नसलेल्याला वाहनतळावर बंदूक विकता येऊ नये, यासाठीच तो आहे आणि तो असायलाच हवा. पण मित्राचा जीव वाचवायला बंदूक सांभाळणाऱ्याला त्याने गुन्हेगाराच्या रांगेत उभं करू नये. एवढा अपवाद लिहायला काय लागतं? दोन्ही बाजू एकमेकांवर इतक्या खार खाऊन असतात, की कायद्यात एक ओळ बदलायची म्हटली तरी एकीला ती माघार वाटते आणि दुसरीला सापळा.

शुक्रवारी सकाळी मी एका बंदुकांच्या दुकानात फोन केला, काही दिवस या ठेवून घ्याल का म्हणून. "जोखीम आमच्यावर येते," म्हणून त्यांनी नकार दिला. दुपारी कँटीनमध्ये मी हे आमच्या रेस्पिरेटरी थेरपिस्टला, म्हणजे श्वसनाचे उपचार करणाऱ्या सहकाऱ्याला, सांगितलं. तो पक्का शिकारी, रेड फ्लॅग कायद्याचं नाव काढलं तरी चिडणारा. त्या कायद्याखाली कोर्ट आधी चौदा दिवस आणि सुनावणीनंतर ३६४ दिवसांपर्यंत स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाच्या बंदुका जमा करून घेऊ शकतं. २०२३ पासून आमच्यासारखे आरोग्य कर्मचारीही तसा अर्ज करू शकतात. त्यावरून आम्ही दोघं किती वेळा कडाकडा भांडलोय. त्याने सगळं ऐकलं, घास तसाच ठेवला आणि फोनमधून एक नंबर काढून दिला.

"हा ठेवून घेईल. माझं नाव सांग. आणि एक कर. किती बंदुका, कुठल्या, हे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये लिहू नकोस. या लोकांना यादीची भीती असते."

ही भीती मला पूर्वी खुळचट वाटायची. फेडरल सरकारला बंदुकमालकांची नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. फेडरल चेकमध्ये मंजूर झालेल्या माणसाची नोंद चोवीस तासांत पुसावी लागते. मग भीती कसली? पण आदल्या रात्री ताठ होऊन बसलेला तो चेहरा मी पाहिला होता. ज्याला यादीची भीती आहे, तो आमच्या प्रश्नाला "नाही" म्हणतो, आणि आम्ही रकाना भरून पुढे जातो. मी चार्टमध्ये एवढंच लिहिलं: "घरातली शस्त्रं सुरक्षित ठिकाणी हलवण्याबाबत बोलणं झालं. पेशंट तयार."

दुकानदार फोनवर तुटक बोलला. शनिवारी अकराला आणा. माझ्या वहीत नोंद होईल. परत नेताना मालकाचा पुन्हा चेक होईल, तो पास व्हावा लागेल. पैसे नकोत. मी विचारलं, तुम्ही हे का करता? तो थोडा थांबला. "न्यू हॅम्पशायरचं माहितीये ना?"

माहीत होतं. २००९ साली तिथे एका आठवड्याच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तिघांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत जीव दिला. त्या धक्क्यातून तिथले दुकानदार आणि आरोग्य खात्यातली माणसं एकत्र बसली, असं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, विक्री कशी नाकारायची, याची पत्रकं दुकानांत लागली. पुढे ते लोण इतर राज्यांत गेलं, आमच्याकडेही आलं.

"गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं असतं तेव्हा चेक पास होतो," तो म्हणाला. "मन कोण तपासणार? आता निदान तीन दिवस आहेत."

ऑक्टोबर २०२३ पासून कोलोरॅडोत बंदूक विकत घेतल्यावर ती हातात पडायला किमान तीन दिवस थांबावं लागतं. पुन्हा तेच बहात्तर तास. दुकानदारांपैकी कितीतरी जण या कायद्यावर नाराज होते. हा नव्हता. माझं तर स्पष्ट मत आहे, की इतक्या वर्षांच्या भांडणातून या राज्याने केलेला हा सर्वांत शहाणपणाचा कायदा आहे. कारण तो कुणाचीच बंदूक काढून घेत नाही. पण आजोबांसारख्यांसाठी तो पुरत नाही, हेही खरं. त्यांची बंदूक चाळीस वर्षांपूर्वीच घेतलेली होती. तिथे काउंटरवरचा कायदा पोचत नाही. तिथे शेजारी लागतो, आणि खण वर उचलून ओढायचा हे त्याला सांगणारं कुणीतरी लागतं.

शनिवारी अकरा वाजून गेल्यावर शेजाऱ्याचा मेसेज आला: झालं.

घरी गेलेल्या अशा पेशंटला आम्ही काही दिवसांत फोन करतो. आजोबा आठवड्याने घरी गेले. नंतरच्या गुरुवारी मी फोन लावला. मुलगी येऊन राहिली होती. औषधं चालू होती, झोप अजून नीट नव्हती. आवाज थकलेला, पण आवाज होता.

"त्या दुकानदाराने पावती दिलीये," ते म्हणाले. "एकेक नग वेगळा लिहिलाय. नंबरासकट. थांबा, वाचून दाखवतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चष्म्याच्या डबीचा. आणि ते वाचू लागले. कंपनी, बनावट, नंबर. वडिलांच्या रायफलीपाशी थांबून ती कोणत्या सालातली ते सांगितलं. पाच. सहा. रिव्हॉल्व्हरचा नंबर त्यांनी सावकाश, एकेक आकडा सुटा करून वाचला.

मी काहीच लिहून घेतलं नाही. सातही ऐकले.