दर्यापूर ते धारणी: जुनी जीप, मेळघाटचा चढ आणि तापमानाचा काटा

एप्रिलच्या शेवटी दर्यापूरहून निघायचं, चिखलदऱ्याला मुक्काम करायचा, मेळघाटातून धारणी गाठायची आणि त्याच रस्त्याने परतायचं, असा बेत होता. गाडी आतेभावाची, नुकतीच घेतलेली. महिंद्राची एमएम ५४०, आत प्युजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. टर्बो नाही, सेन्सरांचं जंजाळ नाही, काय असेल ते डोळ्यांना दिसतं. विकणाऱ्याने तेवढं सांगितलं होतं, ‘चढावर जराशी गरम होते, बाकी एक नंबर.’

दर्यापूर ते अंजनगाव सुर्जी रस्ता सपाट. सकाळचे नऊ वाजलेले, तरी वारा भट्टीसारखा. साठच्या वर वेग गेला की काटा हळूहळू सरकायचा. अंजनगावच्या गर्दीत गाडी रांगली की परत खाली. आतेभाऊ म्हणाला, ‘दादा, उलटं आहे ना हे? हळू चालवली तर तापायला पाहिजे.’ खरं तर त्याच्या याच वाक्यात अर्धं निदान होतं. पंखा हवा ओढतो तो कमी वेगात, कारण तेव्हा समोरून वारा मिळत नाही. वेगात वारा फुकटचा असतो. म्हणजे हळू चालताना गाडी थंड राहत असेल, तर पंखा आणि बेल्ट आपलं काम करताहेत. जोरात पळवल्यावर तापत असेल, तर इंजिन जेवढी उष्णता पाण्यात टाकतं तेवढी रेडिएटरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीला, बाहेर टाकता येत नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ एकच, आत पाणी पुरेसं फिरत नाही.

परतवाड्यात एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी लावली. काळ्या-पिवळ्या कमांडर आणि मार्शल गाड्यांवर आयुष्य गेलेला माणूस. आम्ही काटा कुठपर्यंत जातो ते सांगू लागलो, तर मध्येच थांबवून म्हणाले, ‘किती गरम होते ते नोका सांगू भाऊ, कवा गरम होते ते सांगा.’ मग दुसरा प्रश्न, ‘पाणी कोनतं टाकता?’ आधीचा मालक शेतातल्या बोअरचं टाकायचा, हे आतेभावाने सांगितलं. मिस्त्रींनी नुसतं कपाळाला हात लावला.

हे बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर तालुका त्यातच येतो. इथलं भूजल खारं. पिकांना चालत नाही, प्यायला चालत नाही, पण रेडिएटरमध्ये मात्र लोक बिनधास्त ओततात. उकळून वाफ गेली की क्षार मागे राहतात, जाळीच्या नळ्यांत पांढरा थर धरतो, आणि मिठामुळे गंज वेगळाच. बाहेरून रेडिएटर चकचकीत, आतून अर्धा बंद.

मिस्त्रींनी आधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखाली सिलिंडरमधला वायू आणि पाणी वेगळं ठेवणारी पट्टी, बाद आहे का ते पाहिलं, कारण ते निघालं असतं तर चिखलदरा विसरावा लागला असता. इंजिन पूर्ण निवू दिलं, झाकण काढलं, चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात बघत उभे राहिले. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतात, त्यात अडकलेली हवा असते. सतत येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय असं समजायचं. दुसरी खूण: झाकण लावून थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज, म्हणजे रेडिएटरचा रबरी पाइप, दगडासारखा कडक होणं. इतक्या लवकर पाणी तापून दाब बनू शकत नाही, म्हणजे दाब दुसरीकडून येतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे का तेही बोट घालून पाहिलं. सगळं स्वच्छ होतं.

मग त्यांनी इंजिन गरम होऊ दिलं आणि हाताने रेस दिली. आम्हाला खाली वाकून खालचा होज बघायला सांगितलं. रेस वाढली तसा तो पाइप मधोमध आत ओढला गेला, पोटाला पोट चिकटेपर्यंत चपटा झाला. रेस सोडली की फुगून पूर्ववत. कारण वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, खालच्या होजमधून पाणी ओढते. जाळी चोंदलेली असली की तिथे ओढ वाढते आणि पाइप मऊ पडला असेल तर तो मिटतो. गाडी पळवताना नेमकं जास्त पाणी लागतं तेव्हाच वाट बंद! तो मिटू नये म्हणून आत तारेची स्प्रिंग असते. होज काढला तर स्प्रिंगच्या जागी गंजाचा चुरा होता. हा दोष उभ्या गाडीत, आयडलवर, म्हणजे रेस न देता, कधीच दिसत नाही. म्हणूनच अशा गाड्यांचे पंप बदलले जातात, हेड उघडली जातात आणि आजार तसाच राहतो.

इंजिन बंद करून मिस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीवरून तळवा फिरवला, मग माझा हात धरून फिरवला. कडेला चटका बसत होता, मध्यभागी आणि खाली एका पट्ट्यात जवळपास गार. गार म्हणजे त्या नळ्यांतून गरम पाणी जातच नाही. हे करताना हात पंख्यापासून दूर आणि इंजिन बंदच हवं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप, तर नव्हताच. कुठल्या तरी गॅरेजात ‘काढून टाका, थंड राहते’ म्हणून काढलेला. आपल्याकडे ही फार जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट नसला की डिझेल इंजिन आपल्या योग्य तापमानाला लवकर येत नाही, धूर जास्त, झीज जास्त. आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासनेच फिरतं. ८२ अंशांचा नवा आणला. बसवण्याआधी मिस्त्रींनी शेजारच्या चहाच्या टपरीवरून एक पातेलं मागितलं, पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून आत सोडला. कोमट पाण्यात बंद, उकळी येण्याआधी उघडलेला, बाहेर काढल्यावर पुन्हा मिटलेला. नवा भागही असा तपासूनच घ्यावा, या मताचा मी झालो आहे.

रेडिएटरवाल्याकडे वरची टाकी सोल्डरचा डाग सोडवून उघडली. नळ्यांतून चपट्या सळया घालून साफ केल्यावर पांढरा-तांबूस गाळ पाण्याबरोबर ओंजळभर निघाला. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात म्हणून हे जमतं. प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी असेल तर नवाच घ्यावा लागतो. झाकणही नवं घातलं. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने धरलेल्या दर पौंड दाबामागे उकळण्याचा बिंदू दीडेक अंशाने वर जातो. रबर वाळलेलं झाकण हा आधार काढून घेतं आणि माणूस हेड गॅस्केटच्या नावाने बोटं मोडतो.

दुपार त्यातच गेली. पुढे धामणगाव गढीवरून चढायला लागलो. दुसरा-तिसरा गिअर, इंजिन मोकळं फिरतं ठेवून. वरच्या गिअरात कण्हत चढवलं की पंप आणि पंखा दोन्ही हळू फिरतात आणि भार मात्र तोच. काटा मध्याच्या जरा वर जाऊन थांबला. डावीकडे दऱ्या, पलीकडे गाविलगडाचा डोंगर. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला, तेव्हा याच डोंगरांतून तोफा ओढून आणल्या होत्या. त्यांच्या बैलांचं काय झालं असेल याचा विचार जीपमध्ये बसूनही येतो.

दुसऱ्या दिवशी मोथ्याजवळ ओळखीच्या शेतावर गेलो, वाळल्या गवतातून गाडी घातली आणि मग घटांगकडे उतरून सेमाडोहच्या रस्त्याला लागलो. तिथे एका ट्रकच्या मागे रांगताना काटा पुन्हा चढला. आता खेळ उलटा होता, रांगताना गरम आणि मोकळा रस्ता मिळाला की थंड. म्हणजे पाणी नाही, हवा. बॉनेट उघडलं तर जाळीच्या पुढच्या बाजूला कुसळांची चटई. इंजिनाच्या बाजूने पुढे अशी बाटलीने पाण्याची धार मारून ती काढली. समोरून मारली तर आणखी रुततात. फॅन बेल्टही ढिला होता, तो ताणला. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रस्त्यावरच्या भुसकटाने हेच होतं.

काट्याबद्दल एक. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर इंजिन नाही, विजेचं अर्थिंग खराब आहे. आणि काळा धूर सोडत तापणारी गाडी असेल तर इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याने ताकदीसाठी डिझेल वाढवून दिलं आहे का ते विचारा. पेट्रोलचं इंजिन इंधन कमी पडल्याने तापतं, डिझेल मात्र जास्त इंधनाने तापतं.

या रस्त्याला जाणाऱ्यांनी डिझेल आणि सुटे भाग परतवाड्यातच घ्यावेत. बेल्ट, वरचा-खालचा होज, चार क्लिपा, आणि पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. खारपाणपट्ट्यातल्या गावांत आरओचे कॅन सहज मिळतात. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घाला. इथे बर्फ पडत नाही हे खरं, पण गंज रोखायला आणि उकळणं लांबवायला ते लागतंच. सेमाडोह, कोलकास, हरिसाल या टप्प्यात मोबाइलवर विसंबू नका आणि उजेडातच धारणी गाठा. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात बॉनेट उघडून उभं राहणं बरं नव्हे.

काटा लालकडे गेलाच तर सावली बघून थांबा. बेल्ट शाबूत आणि पाणी असेल तर इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटं आयडलवर फिरू द्या. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सांडत असेल तर तत्क्षणी बंद. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. धारणीला पोचल्यावर आम्ही गाडी रात्रभर निवू दिली आणि सकाळी सुरू करण्याआधी पातळी पाहिली. बोटाच्या पेराएवढी उतरली होती, साफसफाईनंतर अडकलेली हवा निघते तेवढी. परत येईस्तोवर पुन्हा उतरली नाही.