दातखीळ, पांढरे डोळे आणि उलटीची गोळी

भाची मे महिन्यात सुट्टीला आलेली. वय 17, पुढं बारावी, त्यामुळं पुस्तकांची बॅग घेऊनच मामाच्या गावाला आलेली बिचारी. एका लग्नात जेवून आली आणि रात्रभर उलट्या. सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तीन दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या कारण आमच्या गावात मेडिकल म्हणजे आमचंच, 22 वर्षं झाली काउंटरला उभा आहे. उलट्या थांबल्या, पोरगी मऊ भात जेवली, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास आईची हाक आली. जाऊन बघतो तर पोरीची मान उजवीकडं पिळवटलेली, डोळे वर छताला लागलेले आणि खाली येईनातच, जबडा आवळलेला, मधेच जीभ बाहेर. आपल्याकडं दातखीळ बसली म्हणतात, डोळे पांढरे केले म्हणतात, ते सगळं एकदम समोर.

मग आमच्या घरात जे झालं ते सांगतो, कारण कुठल्याही घरात हेच होईल. आई मीठ-मोहऱ्या घेऊन आली, लग्नात दिष्ट लागली म्हणून. शेजारच्या काकूंचं म्हणणं बाहेरचं आहे. धाकटा भाऊ म्हणाला फिट आलीय, चप्पल हुंगवा. बायको हळूच म्हणाली, अभ्यासाचा विषय काढला की असंच करते ही, नाटकं तर नाहीत ना? आणि मी, औषधांवर पोट भरणारा माणूस, मला धनुर्वात आठवला कारण दोन दिवसांपूर्वी तिच्या पायात काच गेलेली. चांगली दहा मिनिटं मी त्या काचेच्याच मागं होतो.

शेवटी काय झालं, मी तिचा हात धरून विचारलं ऐकू येतंय का, तर तिनं हात घट्ट दाबला. दोनदा विचारलं, दोनदा दाबला. अंगभर झटके येणाऱ्या मोठ्या फिटमधे माणूस शुद्धीवर नसतो, हिला तर सगळं कळत होतं. मग नजर खिडकीत गेली, तिथं पाण्याच्या तांब्याशेजारी ती अर्धी स्ट्रिप. मेटोक्लोप्रामाइड 10 मिलिग्रॅम. मीच दिलेली. त्या क्षणी काय वाटलं ते जाऊ दे.

थोडं खोलात सांगतो. उलटीचा हुकूम मेंदूतून सुटतो, तिथं डोपामाइन नावाचं रसायन काम करतं आणि ही गोळी त्याची जागा अडवते म्हणून मळमळ थांबते. पण त्याच डोपामाइनवर आपल्या हालचालींचाही ताबा चालतो, मेंदूच्या वेगळ्या भागात, आणि गोळीला काय कळतंय कुठं अडवायचं नि कुठं नाही. डोपामाइन अडलं की त्याच्या समोरचं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं दुसरं रसायन वरचढ होतं आणि स्नायू आपोआप आवळले जातात. याला डिस्टोनिया म्हणतात. औषध सुरू केल्यावर बहुतेक वेळा पहिल्या 24 ते 48 तासांत येतो, आणि लहान मुलं नि तिशीच्या आतली तरणी माणसं यांना जास्त. अमेरिकेतल्या या औषधाच्या माहितीपत्रकात दिवसाला 30-40 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत साधारण 500 मधे एकाला असा आकडा आहे. ऐकायला कमी वाटतं, पण माझ्या दुकानातून वर्षाला किती पाकिटं जातात ते मला माहीत आहे.

गाडीत घालून तालुक्याला नेलं आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत मान सरळ! अगदी नॉर्मल. तरुण डॉक्टर आमच्याकडं बघतोय, आम्ही एकमेकांकडं. हे असंच असतं, ते येतं आणि जातं, आणि म्हणूनच लोकांना नाटक वाटतं. आता आल्यासारखं झालं की मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो, त्या वेळी सुचलं नव्हतं. सुदैवानं म्हणू का काय, पाच मिनिटांत डोळे परत वर गेले, मी स्ट्रिप पुढं केली आणि डॉक्टर लगेच म्हणाला, अच्छा, हे आहे होय.

फेनरगनचं इंजेक्शन दिलं, म्हणजे प्रोमेथाझिन. वीसेक मिनिटांत मान सैल, डोळे जागेवर, आणि तासाभरात मॅडमना चहा हवा. गंमत बघा, प्रोमेथाझिन हेसुद्धा उलटीचंच औषध, एसटीत बसायच्या आधी जी अ‍ॅव्होमिन घेतात ती त्याचीच, पण ते अ‍ॅसिटिलकोलीनला दाबतं म्हणून इथं उताऱ्यासारखं चालतं. काही ठिकाणी डायफेनहायड्रामिन देतात, काही ठिकाणी बायपेरिडेन. मूळ गोळीचा अंमल अंगात राहतो आणि इंजेक्शनचा असर उतरला की त्रास परत उलटू शकतो, म्हणून पुढं तीन दिवस पॅसिटेनची 2 मिलिग्रॅमची गोळी दिली, ती पण अ‍ॅसिटिलकोलीन दाबणारीच, तोंड कोरडं पडतंय म्हणून कुरकुर झाली तेवढीच. यातलं काही घरच्या घरी करायचं नाही हं, मी मेडिकलवाला असून केलं नाही. जबडा आवळलेला असताना तोंडात पाणी ओतायचं नाही, चमचा घालायचा नाही, आणि आवाज बसायला लागला किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर मिनिटभरही थांबायचं नाही, कारण घशाचे स्नायूही आवळू शकतात.

परत येताना गाडीत म्हणाली, "मामा, मला सगळं ऐकू येत होतं. मामी म्हणाली ते पण." बायको चार दिवस तिला विचारून विचारून जेवण करत होती.

नंतर डोसचं गणित केलं. युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मधे या औषधाला मर्यादा घातली, जास्तीत जास्त 5 दिवस, दिवसाला 30 मिलिग्रॅम आणि तेही वजनाच्या प्रत्येक किलोमागं अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर नाही, एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर द्यायचंच नाही. भाचीचं वजन 42 किलो, म्हणजे 21. तीन वेळा दहा-दहा म्हणजे 30, वर इंजेक्शन वेगळं. अर्थात डोस बरोबर असूनही होऊ शकतं, त्यामुळं फक्त चिठ्ठीवर खापर फोडण्यात अर्थ नाही. माझ्या हातून पण ती स्ट्रिप वजन न विचारताच गेली ना.

प्रत्येकाची मान वाकडीच होते असंही नाही. काहींना नुसती तगमग होते, बसवत नाही, झोपवत नाही, पाय आवरत नाहीत, इंजेक्शन घेतल्या-घेतल्या सलाइन काढून पळत सुटावंसं वाटतं. लोक म्हणतात घाबरलाय पेशंट. याला अकाथिझिया म्हणतात, आणि शिरेतून औषध सावकाश, दहा-पंधरा मिनिटं लावून दिलं तर हे कमी होतं.

पण मला खरं खाल्लं ते दुसऱ्याच प्रकारानं, ज्यात आरडाओरडा काही नसतो. आमच्याकडं एक रिटायर्ड गुरुजी येतात, उधारीच्या वहीत सही करतात. मोत्यासारखं अक्षर. गॅसची कॅप्सूल चालू होती, सकाळी उपाशीपोटी एक, दीड-दोन वर्षं. एकदा लिहून दिलेली, पुढं तीच चिठ्ठी, तीच कॅप्सूल, मी देतोय ते घेतायत. आता ही कॅप्सूल म्हणजे नुसतं अ‍ॅसिडिटीचं औषध नव्हतं, राबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड होतं, आणि ते पण डोपामाइनच अडवतं. हळूहळू गुरुजींची चाल बारीक झाली, चेहऱ्यावरचं हसू गेलं, उजवा हात थरथरायला लागला. सगळे म्हणाले वय झालं. मग कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या पण मीच दिल्या.

सांगलीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी मात्र आधी पिशवी उलटी करायला लावली, घरातली सगळी पाकिटं टेबलावर. हा कंपवात त्या कॅप्सूलमुळंच आलाय म्हणाले आणि ती बंद केली. मी घरी येऊन उधारीची वही काढली आणि मागं मागं जात सह्या बघितल्या, महिन्या-महिन्याला सही लहान होत गेलेली, शेवटच्या काही तर मुंगीएवढ्या. माझ्याच वहीत, माझ्याच डोळ्यांसमोर.

म्हाताऱ्या माणसांत हे चक्करेच्या गोळ्यांनीही होतं, स्टेमेटिल महिनोन्‌महिने घेणारे माझ्याकडं कितीतरी आहेत, सिनारिझिन नि फ्लुनारिझिनवाले वेगळेच. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं उतरतं, पण आठवडे-महिने लागतात. आणि फार लांबलं तर ओठ चाळवणं, जीभ फिरवणं, काही नसताना चावत राहणं असं मागं लागू शकतं, टार्डिव्ह डिस्किनेशिया, ते गोळी बंद केल्यावरही कधीकधी जात नाही. अमेरिकेत 2009 पासून मेटोक्लोप्रामाइडवर याच कारणासाठी सगळ्यात कडक इशारा छापतात, 12 आठवड्यांच्या वर नको म्हणून.

मग उलटीला घ्यायचं काय, असं लोक विचारतात. ऑन्डान्सेट्रॉन डोपामाइनच्या वाटेला जात नाही, डोकं दुखतं, पोट बांधतं, पण मान सहसा वाकडी करत नाही. डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून कंपवाताच्या पेशंटला मळमळ झाली तर ते चालतं, मात्र हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, तेव्हा हार्टवाल्यांनी विचारल्याशिवाय नको. भाचीच्या मोबाईलमधे आणि फाईलच्या पहिल्या पानावर मेटोक्लोप्रामाइड चालत नाही असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, मळमळीला स्टेमेटिल देणार असतील तरी हे आधी सांगायचं हेही खाली आहे, कारण दोन्हींचा स्वभाव एक.

गुरुजींना चार-साडेचार महिने लागले. परवा आले, उधारी भागवली, सही केली, दोन ओळी व्यापून. मग नवीन कॅप्सूलचं पाकीट हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि काउंटरवरच मागची बारीक अक्षरं वाचत बसले, मागं चार गिऱ्हाइकं खोळंबलेली. वाचू दिलं.