देठाचे वय

भाजी निवडताना मी आधी देठ बघते. फळ पुसून चकचकीत करता येते, देठाला मात्र वय लपवता येत नाही. टोमॅटोच्या माथ्यावरची हिरवी चांदणी टवटवीत असेल आणि नख लावताच तिचा तो उग्र वास बोटाला चिकटत असेल, तर फळ फार लांबून आलेले नाही, असे मी समजते. लांबचा टोमॅटो प्रवासात दबू नये म्हणून पुरता रंग भरण्याआधीच तोडतात आणि पुढे बहुधा इथिलीन वायू देऊन पिकवतात. वाटेत तो १२ अंशांखालच्या थंडीत फार दिवस राहिला, तर लालबुंद दिसूनही त्याचा स्वाद हरवलेला असतो.

जवळ पिकलेलेच घ्यावे, ही ओढ अलीकडे बरीच वाढली आहे. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील काही स्त्रियांनी शंभर मैलांच्या परिघात पिकलेलेच खाण्याचे आवाहन केले, त्यातून ‘लोकॅव्होर’, म्हणजे जवळ पिकलेलेच खाणारा, हा शब्द निघाला आणि २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या अमेरिकी शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. ज्या पिढ्यांना लांबचे काही मिळतच नव्हते, त्यांचे अशा शब्दावाचून काही अडले नव्हते.

या ओढीचे समर्थन बहुधा अंतराच्या हिशेबाने केले जाते, आणि तिथे मी जरा अडखळते. अमेरिकी कुटुंबांच्या अन्नाविषयी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात एकूण वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के, तर उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा अवघा ४ टक्के निघाला. बहुतेक भार होता तो पिकवण्याचाच. ऐन थंडीत ऊब देऊन काचघरात वाढवलेला शेजारचा टोमॅटो हा उन्हात वाढून ट्रकने आलेल्या परक्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खाऊ शकतो. (विमानाने येणाऱ्या मालाची तरफदारी मात्र मी करणार नाही.)

मला ओढ आहे ती तोडणी आणि ताट यांमधल्या कमी वेळाची. मक्याचे कणीस तोडले की त्यातली साखर पिष्टात बदलू लागते; जुन्या गोड वाणांत, ३० अंशांच्या उष्म्यात, एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर जाते. मटाराचेही तसेच. ताज्या शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला की ती टचकन उघडते, आत पाच-सात दाणे ओळीने बसलेले असतात, आणि सोलता सोलता त्यांतले निम्मे तोंडातच जातात. चार दिवसांची शेंग चिवट होते. ती सोलताना हा मोह होत नाही. धान्य आणि कडधान्य यांना आठवडाभराच्या प्रवासाने काही होत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत मी गावाचे नाव विचारत बसत नाही.

पिकवणारा समोर असला की विचारता येते, हे आणखी एक सुख. वेष्टनावर तारीख असते, पण ती बहुधा वेष्टनाची असते. “कधी तोडली?” या प्रश्नाला समोरचा माणूस “आज पहाटे” म्हणतो, किंवा क्षणभर घुटमळून “कालची आहे, आजच संपवा” असे सांगतो, आणि त्या घुटमळण्यावर माझा जास्त विश्वास बसतो. अशा खरेदीत हवे ते मिळेलच असे नाही; हंगाम सरला की मटार संपतो. पुन्हा कधी येईल म्हणून विचारले, तर उत्तर देण्याआधी तो एकदा आभाळाकडे बघतो.