परत धोलावीरा?

"काका, परत धोलावीरा? आहे काय तिथे?" घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल तो हेच विचारतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पहिल्यांदा गेलो ते पांढरं रण बघायला. कच्छातलं खदिर बेट म्हणजे चहूबाजूंनी मिठाचं वाळवंट आणि मधे एवढंसं धोलावीरा गाव. गावाशेजारच्या टेकाडाला तिथले लोक कोटडा टिंबा म्हणतात. पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी १९६०च्या दशकात ते हेरलं, १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांनी खणलं आणि खालून साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हडप्पाकालीन शहर निघालं. २०२१ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा शिक्काही बसला. गाइड कौतुकाने उत्तर दरवाजा दाखवतो. दहा मोठ्या चिन्हांची पाटी तिथेच सापडली. ती अजून कुणाला वाचता आलेली नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी, पाटी लावली आणि कुणी वाचली नाही यात मला नवल वाटत नाही.

मी अडकलो ते पाण्यापाशी. उत्तरेला मनसर, दक्षिणेला मनहर. दोन्ही नुसते पावसाळी ओढे. त्यांना बांध घालून पाणी वळवलं, शहराच्या तेरा मीटर उतारावर तलावामागून तलाव खोदले. पूर्वेकडच्या तलावात पायऱ्या उतरत गेलो तर वर उभी असलेली बायको बोटाएवढी दिसायला लागली. गढीत एक विहीर आहे, तिच्या काठच्या दगडावर दोर घासून घासून खाचा पडल्यात. गाइडची पाठ वळल्यावर एका खाचेत करंगळी धरून पाहिली. (हात लावू नये, मान्य.) ती बरोबर बसली. किती जणांनी किती वर्षं पाणी शेंदलं असेल!

आणि आमच्या ठाण्यात वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस. गच्चीवरच्या पाण्याचा पाइप बिल्डरने सरळ गटारात सोडलाय. तो वळवून बोअरवेलपाशी शोषखड्ड्यात घ्यायचा ठराव मी तीनदा मांडला, तीनदा "पुढच्या मीटिंगला बघू" झालं. एप्रिल उजाडला की गेटवर टँकर.

शेवटी त्या तलावाचा मोठा फोटो लिफ्टशेजारी चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं : "छान. आजचा टँकर किती वाजता?"