सेल्फ लागत नाही? मोटर बदलायच्या आधी मीटर लावा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे गेला की आमच्या अमळनेरच्या गॅरेजांवर एकच तक्रार सुरू होते, भाऊ सेल्फ लागत नाही, म्हणजे बटण दाबून बाईक चालू होत नाही. गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी असली तर त्यावरचं उत्तरही ठरलेलं, सेल्फची मोटर गेली, नवी टाका. मला या उत्तराचा खरंच राग येतो. मोटर जात नाही असं नाही, जाते, पण तिच्या आधी बॅटरी, रिले, वायर, अर्थिंग एवढ्या गोष्टी बिघडू शकतात आणि त्या तपासायला अर्धा तास पण लागत नाही. नवी मोटर घालून गाडी तशीच अडून बसली की माणूस परत त्याच गॅरेजला जातो आणि मग रिले बदलतात, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी कुणाला तरी दिसतं की दोन रुपयाचा नटच ढिला होता.

आधी करंट कुठून कुठे जातो ते डोक्यात पक्कं करा. सेल्फला दोन रस्ते आहेत. एक बारीक वायरचा, चावी, क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच, सेल्फचं बटण आणि तिथून रिलेची (मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल. यातून अगदी थोडा करंट जातो. दुसरा जाड वायरचा, बॅटरीच्या प्लसपासून रिले, रिलेपासून मोटर, मोटरच्या बॉडीतून इंजिन आणि इंजिनवरून अर्थिंगच्या वायरने परत बॅटरीच्या मायनसला. या जाड रस्त्याने दीडशे सीसीच्या गाडीत सुद्धा पन्नास-साठ अँपिअर आणि इंजिन पहिल्यांदा उचलताना त्याहून जास्त करंट जातो. बारीक रस्त्याचं काम एवढंच की जाड रस्त्याचं दार उघडायचं. हे समजलं की बटण दाबल्यावर काय ऐकू येतं त्यावरूनच निम्मं निदान होतं.

बटण दाबलं आणि काहीच नाही, टक पण नाही, तर बारीक रस्ता बघा. न्यूट्रलचा दिवा पेटतो का, क्लच पूर्ण दाबल्यावर फरक पडतो का, फ्यूज शाबूत आहे का. जुन्या गाडीत बटणाच्या आतले पॉइंट धूळ आणि पाण्याने हिरवे पडलेले असतात आणि आपल्याकडे काळ्या मातीची धूळ कुठं कुठं शिरते ते सांगायला नको. एकदाच टक आवाज आला आणि पुढे सगळं शांत, तर रिलेची कॉइल चालतेय, गडबड रिलेच्या आतल्या पॉइंटमध्ये, जाड वायरीत नाहीतर मोटरमध्ये. टकटकटकटक असा सलग आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टर्मिनलचे नट ढिले आहेत. मोटर घूंऽऽ करून जोरात फिरते पण इंजिन हलतच नाही, तर ते वन वे क्लचचं (मोटरची फिरकी इंजिनला देणाऱ्या भागाचं) काम, त्याच्यावर खाली बोलतो.

मीटर नसेल तर न्यूट्रलच्या दिव्याकडे बघत बटण दाबा. हेडलाइटवर विसंबू नका, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरलं की वीज करणाऱ्या भागावर चालतो, इंजिन बंद असताना पेटतच नाही. न्यूट्रलचा दिवा एकदम मंद झाला किंवा विझला म्हणजे मोटर करंट ओढायला बघतेय पण बॅटरीत दम नाही, किंवा मोटर नाहीतर इंजिन जाम आहे. दिवा जरासुद्धा हलला नाही म्हणजे करंट मोटरपर्यंत जातच नाहीये. एवढं कळलं तरी पुढचा शोध निम्म्यावर येतो.

आता मीटर. साधा चायना मल्टीमीटर चालतो, वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत 12.6 च्या आसपास पाहिजे, 12.2 म्हणजे अर्धी उतरलेली, आणि 10.5 दाखवलं तर बहुतेक एक सेल मेला कारण सहा सेल प्रत्येकी दोन व्होल्टच्या जरा वर असतात. पण नुसत्या उभ्या व्होल्टेजवर जाऊ नका हो, हीच तर मुख्य फसगत आहे. झिजलेली बॅटरी आरामात असताना 12.6 दाखवते आणि बटण दाबल्याबरोबर 7 वर बसते. म्हणून मीटर बॅटरीवर लावून ठेवायचं आणि बटण दाबताना आकडा बघायचा. इंजिन फिरत असताना 10 च्या वर राहिला तर बॅटरी ठीक, साडेनऊच्या खाली गेला तर आधी चार्ज करून परत बघा. आणि जर टक वाजूनसुद्धा आकडा 12 च्या वरच राहिला, तर बॅटरीला दोष देऊ नका, करंट वाहतच नाहीये.

बॅटरीवरून आठवलं, आपल्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं. प्लेट उघड्या पडल्या की तो भाग कायमचा गेला, नंतर डिस्टिल वॉटर टाकून परत येत नाही. आणि त्याचा फटका लगेच कळत नाही, डिसेंबरमध्ये धुळ्याकडे पारा 10 च्या खाली जातो तेव्हा सकाळी सकाळी कळतो, कारण थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. लोक म्हणतात थंडीने बॅटरी मारली, खरं तर मे महिन्यानेच मारलेली असते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वायरीत व्होल्टेज कुठं मरतं ते शोधणं. माझी गाडी 2008 ची आहे. मध्ये ती सेल्फ लावताना अगदी जडपणे फिरायची, बॅटरी नवीन, आणि गॅरेजवर मोटर बदलायचं सांगून झालेलं. मी मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन मोटरच्या बॉडीवर धातू खरवडून टेकवली आणि भाच्याला म्हटलं दाब बटण. इथं 0.2, फार तर 0.3 व्होल्ट दिसायला पाहिजे. दिसले 1.6. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या दहा-साडेदहा व्होल्टमधले दीड पेक्षा जास्त नुसत्या अर्थिंगच्या रस्त्यात खर्च. पाटाला पाणी भरपूर सोडलं पण वाटेतच झिरपलं तर शेवटच्या शेताला काय मिळणार, तसं मोटरचं झालेलं.

अर्थिंगची वायर इंजिनला जिथं बोल्टने बसते तो नट 10 च्या पान्याने काढला. वरून सगळं ठाकठीक. रिंगवरची काळी रबरी नळी मागे सरकवली तेव्हा आतमध्ये तांब्याच्या तारांवर हिरवट पांढरी पूड, बोट लावलं की गळून पडणारी, आणि त्या पुडीखाली निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या काळ्या ठिक्कर. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतली की पाणी त्या नळीत शिरतं आणि तिथंच बसतं. गंमत म्हणजे हीच वायर मीटरच्या बीपवर (वायर जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) तपासली तर मीटर बीप वाजवतं, कारण बीप वाजायला एक तार पण पुरे. साठ अँपिअरला नुसता 0.02 ओहमचा अडथळा आला तरी 1.2 व्होल्ट गेले, आणि एवढा छोटा अडथळा साध्या मीटरला ओहममध्ये दिसतच नाही. म्हणून माझा हट्ट आहे की तपासणी करंट वाहत असतानाच झाली पाहिजे.

असंच प्लसच्या बाजूला करा. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी मोटरच्या टर्मिनलवर, बटण दाबून अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त आलं तर रिलेच्या दोन जाड बोल्टवर पिना ठेवून बघा, तिथंच 0.2 पेक्षा जास्त गेलं तर रिलेचे पॉइंट जळालेत. हे सगळं करताना गाडी न्यूट्रलला, बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, मोटर गरम होते. इंजिन चालू होऊ नये म्हणून प्लगची कॅप काढत असाल तर ती मोकळी सोडू नका, जुना प्लग लावून इंजिनच्या धातूला टेकवा, आणि तो पेट्रोलच्या वासापासून लांब. पेचकसने रिलेचे दोन बोल्ट जोडून बघायची पद्धत सगळीकडे चालते, चालते पण ठिणगी मोठी पडते, शेजारी बॅटरी गॅस सोडत असेल किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर नकोच.

वायर, रिले, बॅटरी सगळं पास झालं आणि मोटरच्या टर्मिनलवर दहा-अकरा व्होल्ट पोचूनही ती फिरत नाही, तेव्हाच मोटर खोला. आधी बॅटरीचं मायनस काढा. मोटरच्या बॉडीवर आणि दोन्ही झाकणांवर एक रेघ मारा, म्हणजे परत बसवताना तशीच बसेल, आणि आतले वायसर कोणत्या बाजूला कोणत्या क्रमाने आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मी उघडलेल्या बहुतेक जुन्या मोटरमध्ये आत कोळशाची काळी भुकटीच भुकटी होती. सुकी भुकटी असेल तर कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे कोळशाचे ठोकळे, झिजलेत, नव्याच्या निम्म्यावर आले की बदलायचे. कार्बन लांबीला बरे असूनही खाचेत अडकून बसतात, मग स्प्रिंग त्यांना दाबू शकत नाही. भुकटीचा चिखल झालेला असेल तर इंजिनचं ऑइल सील गळतंय, नुसते कार्बन बदलून उपयोग नाही, सील पण टाका.

कम्युटेटरचे, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचे पट्टे बारीक पॉलिश पेपरने, 400 किंवा 600 नंबरच्या, हलक्या हाताने साफ करा, एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या मध्ये अडकतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचा सुईने नाहीतर ब्लेडच्या तुकड्याने मोकळ्या करा. मग मीटर, शेजारच्या पट्ट्यांत बीप वाजली पाहिजे, पट्टा आणि शाफ्टमध्ये अजिबात वाजता कामा नये. वाजली तर आर्मेचरचं (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचं) वाइंडिंग बॉडीला शॉर्ट झालंय. शंका राहिली तर आपल्या गावच्या वाइंडिंगवाल्याकडे घेऊन जा. ही माणसं मिक्सर, ड्रिलची आर्मेचर रोज बघतात, ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) ठेवून वर लोखंडी पट्टीचा तुकडा धरला की शॉर्ट वाइंडिंगवर पट्टी थरथरते आणि लगेच कळतं. आमच्या इथले अप्पा मोटर हातात घेऊन फिरवतात, मग ग्राउलरला लावतात, आणि बऱ्याच वेळा एवढंच म्हणतात, "मोटर बरी शे रे भो, पहिले वायर दख." मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो, त्यांना नवीन वाइंडिंग भरून पैसे घेता आले असते.

आणि अडलेली मोटर हातोड्याने ठोकू नका. बॉडीच्या आत मॅग्नेट चिकटवलेले असतात, ते तडकतात किंवा सुटतात, मग मात्र खरंच नवी मोटर घ्यावी लागते. लाकडी मुठीने हलकं ठोकून बघायला हरकत नाही, त्याने मोटर फिरली तर कार्बन अडकलेत हे कळतं.

वन वे क्लचबद्दल थोडक्यात. मोटर फिरते, इंजिन फिरत नाही, किंवा खर्र करून मध्येच सुटतं, तर त्याच्या आतले रोलर नाहीतर त्यांच्या स्प्रिंगा झिजल्यात. मॅग्नेटोचं कव्हर उघडावं लागतं, मॅग्नेट काढायला पुलर लागतो, ते चांगल्या मिस्त्रीकडेच करा. उतरलेल्या बॅटरीवर परत परत सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका याच रोलरवर बसतो, त्यामुळे बॅटरी दुबळी असेल तेव्हा किक मारा.

सगळं जोडल्यावर टर्मिनल घट्ट करा, वरून थोडं व्हॅसलिन लावा, गाडी चालू करून थोडा रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये पाहिजे. तेरापर्यंतच अडकलं तर चार्जिंगची कॉइल किंवा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) बघायचा, आणि 15 च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर लगेच बदला, नाहीतर नवी बॅटरी उकळून याच उन्हाळ्यात जाईल.