केर परिणामातून पहिला हिस्टेरेसिस लूप मिळवताना

परमॅलॉयच्या (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) 20 नॅनोमीटर जाडीच्या फिल्मचा हिस्टेरेसिस लूप, म्हणजे चुंबकीय क्षेत्र (फील्ड) मागेपुढे बदलताना चुंबकन कसं बदलतं याचा आलेख, लेसरने घ्यायचा, एवढंच काम होतं. तत्त्व सोपं आहे: चुंबकित पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) जरासं फिरतं. जॉन केर यांनी 1877 मध्ये विद्युतचुंबकाच्या चकचकीत ध्रुवावर हे दाखवलं, म्हणून हा केर परिणाम. काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशात असंच फिरणं फॅरडेंना 1845 मध्येच दिसलं होतं. पण फील्ड फिल्मच्या प्रतलात आणि किरण तिरका असेल, तर परमॅलॉयमध्ये हा कोन अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. सगळी झुंज त्या एवढ्याशा कोनासाठी.

फिल्म चुंबकीयदृष्ट्या इतकी मऊ की दोनचार ओर्स्टेडमध्ये (ओर्स्टेड हे फील्डचं एकक) तिचं चुंबकन उलटतं. लोखंडी गाभ्याच्या चुंबकात करंट बंद केला तरी फील्ड शिल्लक राहतं, म्हणून मी हेल्महोल्ट्झ कॉइल (लोखंडी गाभ्याविना समोरासमोर ठेवलेली दोन वेटोळी) घेतली. पृथ्वीचं अर्धा ओर्स्टेडच्या आसपासचं फील्डसुद्धा इथे लूप बाजूला सरकवू शकतं.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो अॅनलायझरचा (डिटेक्टरपुढचा, एकाच दिशेचं ध्रुवीकरण जाऊ देणारा प्रिझम) कोन ठरवण्यात, आणि तो वेळ सार्थकी लागला असं मला आजही वाटतं. लेसरपुढचा तसाच पोलरायझर आणि अॅनलायझर अगदी काटकोनात ठेवले तर डिटेक्टरवर जवळजवळ अंधार होतो. तिथे ध्रुवीकरण डावीकडे फिरो वा उजवीकडे, प्रकाश सारखाच वाढतो, त्यामुळे दोन्ही दिशा वेगळ्या ओळखताच येत नाहीत. 45 अंशांवर प्रकाश भरपूर, पण 0.01 अंशाच्या फिरण्याने दोन टोकांत फरक पडतो जेमतेम 0.07 टक्के, लेसरची स्वतःची चलबिचल तो गिळून टाकते. अंधारापासून फक्त 1 अंश सरकलं की तोच फरक 4 टक्क्यांवर जातो. आणखी जवळ गेलो की प्रिझममधून झिरपणारा प्रकाश आणि डिटेक्टरचा नॉइज वरचढ होतात. माझ्या मांडणीत 1 ते 2 अंशांची जागा चांगली निघाली. लेसर चालू केल्यावर तो तापून स्थिर होईपर्यंत मात्र धीर धरावा लागतो.

नमुना लावण्याआधी त्याच्या जागी साधा अॅल्युमिनियमचा आरसा लावला. अॅल्युमिनियम फेरोमॅग्नेटिक नाही, तेव्हा आलेख आडवा, सपाट यायला हवा. तो आला तिरका. फील्ड वाढवलं की सिग्नल सरळ रेषेत वाढत होता. कारण कॉइलच्या आत बसवलेली भिंग! तिच्या काचेतला फॅरडे परिणाम फील्डच्या प्रमाणात ध्रुवीकरण फिरवतो, आणि तो आकडा फिल्मच्या सिग्नलच्याच तोडीचा होता. जास्त नाभीय अंतराची भिंग घेऊन ती कॉइलबाहेर नेली तेव्हा रेषा जवळजवळ आडवी झाली. ही आरशाची चाचणी कुणीही वगळू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग फिल्म लावली आणि बऱ्याच फेऱ्यांची सरासरी घेतली. थर बसवताना फील्ड लावलेलं असल्याने फिल्मला सुलभ अक्ष (चुंबकन सहज वळतं ती दिशा) होता. त्या दिशेने लूप चौकोनी आला, कडा जवळजवळ उभ्या. फिल्म 90 अंशांत फिरवली तर मध्ये तिरपी, दोन्ही टोकांना सपाट झालेली, जवळजवळ मिटलेली रेघ. तरीही खात्री पटवली ती पुढच्या तपासणीने: अॅनलायझर अंधाराच्या दुसऱ्या बाजूला तेवढाच सरकवला. खरं केर फिरणं असेल तर लूप उलटा होतो; कॉइलच्या थरथरीने ठिपका हलला किंवा तीव्रता बदलली तर तो भाग उलटत नाही. माझा लूप उलटला. दोन्ही मोजमापांची वजाबाकी केल्यावर उरलेला भेसळीचा भागही गेला.

एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तांबडा प्रकाश धातूत साधारण 10 ते 20 नॅनोमीटरच शिरतो, म्हणून जाड फिल्ममध्ये दिसतो तो वरचाच थर. शिवाय उभ्या अक्षावर असतो कोन, चुंबकन नव्हे. कोअर्सिव्ह फील्ड (चुंबकन शून्यावर आणणारं उलटं फील्ड) आणि लूपचा आकार यांवर मी विसंबतो. मॅग्नेटिक मोमेंटचा (नमुन्याच्या एकूण चुंबकत्वाचा) आकडा हवा असेल तर तोच नमुना कंपन पावणाऱ्या नमुन्याच्या मॅग्नेटोमीटरवर नेतो.