आनंदवल्ली ते चांदवड, मातीच्या रस्त्यानं

नाशिक हे रोड बाइकवाल्यांचं, म्हणजे डांबरावर सायकल मारणाऱ्यांचं शहर. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली आणि तेव्हापासून गंगापूर रोडला पहाटे हेल्मेटांची जत्राच भरते. चांगलंच आहे. मला मात्र डांबराचा लवकर कंटाळा येतो. सातपूरला माझं छोटं मशीन शॉप आहे. आठवडाभर गुळगुळीत, मायक्रॉनमध्ये मोजलेले पृष्ठभाग बघितल्यावर सुट्टीच्या दिवशी तरी चाकाखाली काहीतरी खडबडीत लागतं.

माउंटन बाइक म्हटलं की लोक लगेच विचारतात, “म्हणजे अंजनेरी, ब्रह्मगिरी वगैरे का?” नाही हो. गड पायऱ्यांचे, तिथे सायकल माणसावर बसते. नाशिकची खरी मजा गडांच्या खाली आहे, शिवारात. चढ-उताराचे माळ, पाटाच्या कडेचे रस्ते, मळ्यांकडे जाणाऱ्या चाकोऱ्या. आणि याच शिवारात पेशवाईतली मोठी घराणी आपापले वाडे बांधून राहिली. वाडा म्हटला की पाणी हवं, जमीन हवी आणि जाता-येता रस्ता हवा. म्हणून वाडे बघत निघालात की चांगले रस्ते आपोआप सापडतात.

पण कोणत्या महिन्यात कुठे जायचं हे माती ठरवते. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर निफाड-चांदवडला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात! शहराच्या पश्चिमेला मुरूम आहे. पाणी झिरपून जातं, त्यामुळे पावसानं दोन दिवस उघडीप दिली की सायकल चालते. पूर्वेला काळी. ती ओली असताना टायर आणि फोर्कच्या मधे अशी बसते की चाकच फिरत नाही. मग काडीनं खरवडायचं, दहा पावलं जायचं, परत खरवडायचं. म्हणून माझा साधा नियम आहे: पावसाळा संपता संपता पश्चिम, दिवाळीनंतर पूर्व. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत घरी.

पश्चिमेचा फेरा मी आनंदवल्लीतून सुरू करतो. पुतण्या माधवराव पेशव्यांशी बिनसल्यावर राघोबादादा इथे येऊन राहिले आणि आनंदीबाईंच्या नावावरून गावाचं नाव पडलं. वाड्याचा थाट आता शोधावा लागतो. आजूबाजूला अपार्टमेंटच अपार्टमेंट. नदीकाठचा नवश्या गणपती मात्र सगळ्यांना माहीत आहे. तो राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या नवसाचा, असं सांगतात. शेजारीच दर्गा आहे. सकाळी सहाला तिथे गर्दी नसते, सायकल टेकवून पाणी भरून घ्यावं.

पूल ओलांडून चांदशी, तिथून मुंगसरे. इथपर्यंत डांबर आहे, सोसावं लागतं. पुढे दरी-मातोरी या गावांच्या बाजूला माळ लागला की मी टायरमधली हवा कमी करतो. माझं वजन पंच्याहत्तर किलो आणि टायर सव्वादोन इंची ट्यूबलेस. पुढे चोवीस, मागे सत्तावीस पीएसआय. भाचा माझ्यासोबत येतो तेव्हा पस्तीस ठेवतो आणि वर म्हणतो, “मामा, रोलिंग स्पीड मिळतो.” मिळतो ना, पण सुट्या मुरमावर वळताना मागचं चाक त्याच्याही पुढे निघून जातं. त्याची सायकल कार्बनची आहे, त्यामुळे पडल्यावर आधी तो सायकल तपासतो, मग गुडघा.

या माळावर उजव्या हाताला रामशेज दिसत राहतो. औरंगजेबाच्या फौजेनं 1682 मध्ये वेढा घातला आणि हा एवढासा किल्ला वर्षानुवर्षं हाती लागला नाही. खालून बघितल्यावर त्याचं आश्चर्य जास्त वाटतं, कारण सह्याद्रीच्या मानानं तो बुटकाच आहे. त्याच बाजूला भोरगड, माथ्यावर हवाई दलाचं रडार. भोरगडाच्या उतारावर झाडी वाढली आहे. 2008 पासून तो भाग संवर्धन राखीव आहे. तिथे सायकल घालू नका. वाट दिसते म्हणून ती आपली होत नाही.

माळ उतरलात की गिरणारे. टोमॅटोच्या हंगामात इथला बाजार बघण्यासारखा असतो, पण सायकलवरून नव्हे. पिकअप आणि ट्रॅक्टर यांच्यामधे हँडलबार जाईल एवढीही जागा उरत नाही. त्या दिवसांत मी गाव टाळून धोंडेगावच्या अंगानं कश्यपी धरणाकडे सरकतो. हा तुकडा माझा सगळ्यात आवडता. छोटे छोटे चढ, प्रत्येक चढावर एक-दोन घरं, भाताची खाचरं, वरच्या अंगाला नागली. चढ संपला की लगेच उतार, त्यामुळे एकाच गिअरमध्ये मिनिटभरही राहता येत नाही. पायांपेक्षा अंगठा जास्त दमतो.

परतताना दुगावकडून गंगापूर धरणाच्या अंगाला यायचं. धरण मातीचं, पाणी पसरलेलं. फेब्रुवारीनंतर पाणी मागे हटतं आणि काठावरच्या मोकळ्या झालेल्या गाळात लोक पेरणी करतात, गाळपेर म्हणतात तिला. त्यांच्या वाफ्यांतून सायकल घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. वरच्या बांधानं जाता येतं, पाच मिनिटं जास्त लागतात.

मग गंगापूर गाव. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुण्याच्या राजकारणातून बाजूला होऊन इथे राहिल्या. त्यांचा धाकटा मुलगा नारायणराव 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात मारला गेला, आणि त्या खुनाचं बोट ज्यांच्याकडे गेलं ते राघोबादादा आणि आनंदीबाई. म्हणजे गोपिकाबाईंचे सख्खे दीर आणि जाऊ. राघोबादादा 1783 मध्ये कोपरगावला वारले, गोपिकाबाई 1788 मध्ये. एका नदीच्या काठावर, सायकलनं जेमतेम वीस मिनिटांच्या अंतरावर या दोन घरांची नावं आहेत आणि मधल्या रस्त्यावर आता मिसळीच्या पाट्या आहेत. गंगापूरहून आनंदवल्लीला उतरताना मला दर वेळी हेच डोक्यात येतं, मग मिसळ येते.

पूर्वेकडे सगळंच वेगळं. चढ नावाला, पण वारा समोरून. निफाडच्या पुढे पालखेडच्या डाव्या कालव्याच्या कडेनं विंचूर गाठायचं. (बाजीरावांनी 1728 मध्ये निजामाला जिथे कोंडीत धरलं ते पालखेड हे नव्हे, ते वैजापूरकडचं. दर वेळी कोणीतरी हे विचारतंच.) कालव्याचा भराव सपाट असतो, पण तिथे सराटे असतात. सराट्याचा काटा एवढासा, पण ट्यूब असेल तर तीन-चार पंक्चर एकदमच. ट्यूबलेसमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, असलं की फुस्स होतं आणि बंद होतं. काटा लगेच उपटायचा नाही, घरी गेल्यावर उपटायचा. वेड्या बाभळीचा काटा मात्र साइडवॉलमधून जातो, त्याच्यापुढे सीलंटही हात टेकतं.

द्राक्षबागांमधून जाताना दोन गोष्टी. मांडवाच्या कडेच्या खांबांना ताण दिलेले असतात, त्या तारा रस्त्याच्या बाजूला उतरतात आणि पहाटेच्या अंधुक उजेडात अजिबात दिसत नाहीत. दुसरं, ब्लोअरचा आवाज आला की थांबा, फवारणी चालू असते. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दीड-दोन महिने तर हा आवाज सगळीकडेच. मळ्यातला रस्ता खासगी असतो, म्हणून “दादा, इकडनं जाऊ का?” एवढं विचारलं की झालं. मला आजवर नाही म्हणणारा कमी भेटला, चहाला बसवणारे जास्त. नाही म्हणते ती मळ्यातली कुत्री. उतरून सायकल मधे धरून चालायला लागलं की त्यांचा उत्साह संपतो.

विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं. पानिपतातून जिवंत परतलेल्या सरदारांपैकी एक. गावात शिरताना जुन्या जहागिरीचा पसारा अजून जाणवतो. विंचुरात मी फार थांबत नाही, खरं सांगायचं तर लासलगावच्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागायच्या आत मला पुढे सटकायचं असतं. ज्यांना पक्षी आवडतात त्यांनी उलट बाजूला नांदूर मध्यमेश्वरला वळावं. 2020 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, राज्यातलं पहिलं. तिथे सायकल बाहेर ठेवून चालायचं.

आणि चांदवड. वडनेर भैरवपर्यंत द्राक्षं साथ देतात, पुढे जमीन कोरडी होत जाते आणि समोर सातमाळ्याची डोंगररांग उभी राहते. चांदवडचा रंगमहाल म्हणजे होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या काळातला. आतलं लाकूडकाम आणि भिंतींवरची चित्रं बघायला तासभर हवाच. मी मशीनवाला माणूस, मला खांबांची कोरीव कामं बघून आधी प्रश्न पडतो की एकाच मापाचे इतके नग हातानं कसे काढले असतील. एकेकाळी चांदवडी रुपया चालायचा तोही इथल्याच टाकसाळीतला. वाडा बघून झाल्यावर पायांत दम असेल तर राजदेरवाडीकडे वळा. इंद्राई आणि राजदेर या किल्ल्यांच्या पायथ्याची ती पट्टी म्हणजे या सगळ्या भागातली सगळ्यात अवघड सायकलिंग. सुटे धोंडे, मधेच कातळ, आणि सावली अशी नाहीच.

परतीला हायवेनं येऊ नका. मुंबई-आग्रा रस्त्यावर रुंद टायर घेऊन ट्रकांच्या शेजारी साठ-पासष्ट किलोमीटर मारण्यात काही अर्थ नाही. टोमॅटोच्या दिवसांत चांदवडहून पिंपळगावच्या बाजाराला पिकअप जातात, त्यातल्या एखाद्याला हात करावा. क्रेटवर सायकल आडवी, डिरेलर (मागचे गिअर बदलणारा नाजूक भाग) वरच्या अंगाला, खाली गोणपाट. गेल्या खेपेला चालकानं सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “टाका काका. पण चेनचं ऑइल माझ्या टमाट्यांना लागलं तर भाव तुमच्याकडून घेईन.”